पाच-शून्य नंबरचे पाच ब्रश, सात महिने वापरून

हे ब्रश मी दांड्यासाठी घेतले. असल्या पाकिटाखालचे अभिप्राय वाचले तर सगळे केसांबद्दल बोलतात, टोकाबद्दल बोलतात, रंग किती धरतो त्याबद्दल बोलतात. दांड्याचं कुणी नाव काढत नाही. म्हणून मीच लिहिते.

वस्तू अशी: सिंथेटिक केसांचे पाच ब्रश, सगळे ५/० नंबरचे, म्हणजे तीन-शून्यापेक्षाही बारीक. दांडा दुधी प्लॅस्टिकचा, आतबाहेर एकच रंग, वरून काही फासलेलं नाही. टोकावर पारदर्शक टोपण. पाकीट ३४० रुपयांना पडलं. मार्चच्या अखेरीला मागवलं होतं, आता ऑक्टोबर संपत आला. मधे गोव्याचा एक अख्खा पावसाळा गेला, आणि आमच्याकडे ब्रशबद्दल पावसाळ्याआधी दिलेलं मत काही खरं नाही.

मी चित्रकार नाही. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत नऊ वर्षं प्रोजेक्टवर आहे. मॅडम भूरसायनशास्त्रज्ञ. समुद्राच्या तळात नळी घालून गाळाचा लांबलचक दंडगोल काढतात, त्याला कोअर म्हणतात. त्या गाळावरून जुनं हवामान, जुना समुद्र आणि ध्रुवांकडचं बर्फ केव्हा किती होतं याचा हिशेब मॅडम मांडतात. त्या हिशेबातला पहिला आकडा येण्याच्या कितीतरी आधी माझ्यासारखं कुणीतरी मायक्रोस्कोपवर मान वाकवून फोरॅम वेचत बसलेलं असतं.

फोरॅम म्हणजे फोरॅमिनिफेरा. एकपेशीय जीव, अंगाभोवती चुन्याचं कवच करतात, मेले की कवच तळाला जातं. आम्ही गाळाची एक-एक सेंटिमीटरची चकती भिजवतो, ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुतो, चिखल निघून जातो, उरलेलं ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा चाळतो. मग काळ्या ट्रेमध्ये पसरायचं. साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं, फक्त मायक्रोस्कोपमधून. त्यातले २५० ते ३५५ मायक्रॉन मापाचे, 'ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर' नावाच्या जातीचे दाणे ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायचे आणि साठ चौकोनांच्या स्लाइडवर नेऊन ठेवायचे. एकेकाचं वजन दहा-बारा मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम भरायला ऐंशी-शंभर लागतात. पहिल्या वर्षी आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खडे वेचूक पगार गावता?" गावता. वेळेवर नाही, पण गावता.

तर दांडा. आधीचे ब्रश प्रयोगशाळेच्या खरेदीतून आलेले होते. निविदेत जो सगळ्यांत स्वस्त तो येतो, तिथे माझं काही चालत नाही. लाकडी दांडा, वर लाखेसारखा लाल चकचकीत रंग, धरायला बरा वाटायचा. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अरबी समुद्रातल्या एका कोअरचा नमुना निवडत होते. कार्बन-१४ नं त्या थराचं वय साधारण १८,००० वर्षं आलं होतं. ट्रेच्या तिसऱ्या ओळीत एक गुलाबी ठिपका दिसला.

यात काय एवढं, असं वाटेल. रूबर दोन रंगांत असते, पांढरी आणि गुलाबी. अटलांटिकमध्ये गुलाबी आजही जगते. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून मात्र ती सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली, आणि इतकी साफ, की कोअरमध्ये वर येताना गुलाबी दाणे जिथे संपतात ती जागा वयाची खूण म्हणून धरतात. म्हणजे १८,००० वर्षांच्या थरात गुलाबी दाणा मिळाला तर एक तर जुना गाळ कुठून घसरून येऊन नव्यात मिसळलाय, नाहीतर चाळणीत मागच्या नमुन्यातलं काही अडकून राहिलंय, नाहीतर आमचं वयच चुकलंय. तिसरं खरं ठरलं असतं तर दोन वर्षांचं काम पाण्यात.

चाळणीचा संशय लगेच फिटला. दोन नमुन्यांच्या मधे आम्ही चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवतो. जाळीत कुणी मागे राहिलं असेल तर ते निळं होऊनच पुढच्या नमुन्यात येतं. हे निळं नव्हतं. मॅडमना हाक मारली. त्या आल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आयपीसला डोळे लावले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भोकं दिसतायत का गं तुला?"

रूबरच्या कवचाला सगळीकडे बारीक भोकं असतात. याला एकही नव्हतं. सुईनं दाबलं तर कवच कच्चकन फुटतं, हे वाकलं. अर्धा तुकडा काचेवर घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. चुन्याचं असतं तर बुडबुडे आले असते. हे तसंच पडून राहिलं. मॅडमनी माझ्या हातातला ब्रश घेतला, दांड्यावरून नख ओढलं, आणि लाल रंगाची एक खपली टेबलावर पडली. पातळ खपली मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली गुलाबी दिसते, हे त्या दिवशी कळलं.

उरलेला अर्धा तुकडा त्या स्लाइडच्या साठाव्या चौकोनात डिंकानं चिकटवून ठेवलाय. नवीन विद्यार्थी आला की दाखवते. तेव्हापासून रंगवलेला दांडा माझ्या टेबलावर येत नाही, आणि या पाकिटाला मी पहिला पूर्ण तारा देते तो बिनरंगाच्या दांड्याला. सात महिन्यांत त्यातून काहीही सुटलेलं नाही.

आता केस. नैसर्गिक केसांचे मी वापरलेत. एक सेबलचा, म्हणजे सायबेरियातल्या वीझलच्या शेपटीच्या केसांचा, मॅडमनी परदेशातल्या कुठल्याशा परिषदेहून आणून दिला होता. त्याला तोड नाही, हे आधीच कबूल करते. पोटात पाणी धरतो, टोकाला मोजकंच सोडतो, दाणा आपसूक चिकटतो आणि स्लाइडला टेकवला की तितक्याच मुकाट्यानं सुटतो. त्यानं दोन पावसाळे काढले. तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या सुट्टीवरून परत आले तर डबीत नुसता दांडा आणि भुसा. कसर लागली होती. नवीन घ्यावा म्हणून त्याची किंमत एकदा बघितली, परत बघितली नाही.

दुसरा बघितला तो म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानात. "बाय, हो वरिजिनल केंसांचो," दुकानदार म्हणाला. कसले केस, म्हणून विचारलं तर हसला. ताठ केस, आणि प्रत्येक केसावर करडे-फिके पट्टे. असे पट्टे दिसले की ब्रश खाली ठेवा, ते बहुधा मुंगसाचे केस असतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे, तरी ते ब्रशसाठी मारलं जातं. पाकिटावर 'नैसर्गिक केस' एवढंच लिहिलंय आणि प्राण्याचं नाव नाही, असा ब्रश कितीही चांगला चालत असला तरी नको.

राहता राहिला सिंथेटिक. पहिले दोन आठवडे मी यावर चिडलेलीच होते. हे केस पोटात पाणी धरत नाहीत, सगळं टोकाशी आणतात. ट्रेला लावला की थेंब पडतो आणि दाणा ब्रशला चिकटायच्या ऐवजी पोहायला लागतो. मग सवय लावली: बुडवायचा, टिश्यूवर दोनदा टेकवायचा, मगच ट्रेवर न्यायचा. (जुनी मंडळी जिभेला लावून टोक काढत. हात अजून आपोआप तोंडाकडे जातो. पण नमुना रासायनिक तपासणीला जाणार असेल तर ब्रश तोंडात घालू नका, आणि जिथे आम्लाच्या बाटल्या आहेत त्या टेबलावर तर अजिबात नको.)

थेंबाचं निभावलं. स्थिर विजेचं नाही. एसीच्या कोरड्या खोलीत हा ब्रश ट्रेजवळ नेला की दाणा टोकाला न लागता मधेच केसांना जाऊन बिलगतो, नाहीतर टुणकन उडतो. रूबर उडाली तर हरकत नसते, ट्रेमध्ये शेकडो असतात. एप्रिलमध्ये उडाली ती सिबिसिडॉइडिस.

ती कोण हे सांगितल्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. रूबर वरच्या उजेडातल्या पाण्यात जगते. तिच्या कवचात वरच्या पाण्याचं तापमान, खारेपणा, नद्यांनी पावसाळ्यात आणलेलं गोडं पाणी, सगळं मिसळून येतं. सिबिसिडॉइडिस राहते तळावर. खोल पाण्याचं तापमान वरच्यासारखं खालीवर होत नाही, त्यामुळे बर्फाचा हिशेब तिच्या कवचात जास्त स्वच्छ वाचता येतो. पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा आणि अगदी थोडा १८ वजनाचा. हलकं पाणी सहज वाफ होतं. ढग ध्रुवाकडे जाताना जड पाणी वाटेतच पडून जातं. शेवटी ध्रुवावर बर्फ होऊन पडतं ते जास्त हलकं. ते तिथे हजारो वर्षं अडकून बसलं की मागे राहिलेला समुद्र तेवढा जड होतो. कवच त्याच पाण्यातून बनतं. कवचं जड आली की समजायचं, जमिनीवर बर्फ चढलंय.

१९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी खोल समुद्राच्या कोअरमधले हे चढउतार मांडले, पण त्यातला बराचसा भाग त्यांनी पाण्याच्या तापमानाच्या खात्यावर टाकला. १९६७ मध्ये केंब्रिजच्या निक शॅकल्टन यांनी वरच्या पाण्यातल्या आणि तळावरच्या फोरॅमचे आकडे शेजारी ठेवले. दोन्हींत फरक जवळपास सारखाच. तळाचं पाणी आधीच गोठायला टेकलेलं, ते आणखी किती गार होणार? म्हणजे मोठा वाटा बर्फाचाच. शॅकल्टन यांना हे जमलं याचं एक कारण असं की त्यांनी आपलं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे हलका-जड ऑक्सिजन वेगळा करून मोजणारं मशीन, अगदी चिमूटभर नमुन्यावर चालेल असं सुधारून घेतलं होतं. तळावरचे फोरॅम मुळात मिळतातच मोजके. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण ते किती मोजके मिळतात हे मी स्वतः मोजून पाहिलंय.

साधारण २०,००० वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग भरात असताना, उत्तर अमेरिकेवर आणि उत्तर युरोपवर किलोमीटरच्या हिशेबात जाड बर्फ होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहून हा आकडा आठवला की समोर नजर जाईल तिथपर्यंतचं पाणी सुकं दिसायला लागतं. एवढं सगळं बर्फ, आणि आमच्या आलेखात त्यामुळे समुद्राच्या पाण्यात पडलेला फरक हजारात साधारण एक भाग. तो फरक ज्या दोन-चार कवचांवरून काढायचा, ती या ३४० रुपयांच्या पाकिटातल्या ब्रशवरून मास स्पेक्ट्रोमीटरच्या कुपीपर्यंत न सांडता पोचली पाहिजेत.

त्या दिवशीच्या नमुन्यात सिबिसिडॉइडिस एकूण चार मिळाल्या. चार म्हणजे जेमतेम, मशीनला पुरतील इतक्याच. चौथी ब्रशवरून उडाली. टेबल शोधलं, ट्रेखालचा काळा कागद झटकला, स्वेटरची बाही मायक्रोस्कोपखाली धरली, फरशीवर टॉर्च मारत गुडघ्यांवर बसले. सव्वा तास. नाही मिळाली. मशीन कवचं आम्लात विरघळवून सुटलेला वायू मोजतं, आणि उरलेल्या तिघींनी पुरेसा वायूच सोडला नाही. आलेखात त्या सेंटिमीटरवर आजही ठिपका नाही, रेघ तिथून उडी मारून पुढे जाते. मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक तारा तिथे गेला. अर्धा दोष माझा धरते, म्हणून पूर्ण दोन कापत नाही. उपाय सापडलाय तो लिहून ठेवते: एसी २६ वर ठेवायचा, ट्रेच्या दोन्ही बाजूंना ओल्या टिश्यूच्या वाट्या ठेवायच्या, आणि तळावरची जात उचलायची असेल तर ब्रश बाजूनं न आणता सरळ वरून टेकवायचा. त्यानंतर एकही गेली नाही. बर्फाचे कोअर काढणाऱ्यांचा अशा वेळी हेवा वाटतो. अंटार्क्टिकात डोम सी इथे त्यांना ८,००,००० वर्षांचा बर्फ मिळाला, जुनी हवा बुडबुड्यांत आयती भरलेली. ब्रशबिश काही नाही. मग आठवतं की त्यांना उणे तापमानाच्या खोलीत उभं राहून करवत चालवायची असते, आणि मी निमूट खुर्चीवर बसते.

पावसाळ्यात मात्र या ब्रशनं मला जिंकलं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. याच्या केसांना आली नाही, वास आला नाही, कसर फिरकली नाही. हवाच ओली, त्यामुळे उड्याही बंद. जुलैमध्ये मी या ब्रशनं जेवढं काम उपसलं तेवढं त्या सेबलनंही कधी केलं नव्हतं.

फक्त एकाच्या बाबतीत, केस आवळणारी जी धातूची नळी असते, तिच्या कडेला ऑगस्टमध्ये गंजाचा ठिपका आला. चित्र काढणाऱ्याला त्याचं काही नाही. आम्ही कवचातल्या मॅग्नेशियमवरून पाण्याचं तापमान काढतो. चिकणमातीचा कण आत राहिला तर मॅग्नेशियम उगाच वाढतं आणि हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र होता त्यापेक्षा गरम दिसतो. म्हणून कवचं फोडून शुद्ध पाण्यात आणि मेथनॉलमध्ये पुन्हापुन्हा हलवून धुतो, आणि तरी माती राहिली का हे लोखंड आणि ॲल्युमिनियम किती आलं त्यावरून ताडतो. तिथे गंजका ब्रश म्हणजे पोलिसाच्याच बुटाला चिखल. तो ब्रश आता स्लाइडवरची धूळ झटकायला.

टोकाला आकडी येणं हा सिंथेटिकचा जुना रोग आहे, यालाही चौथ्या महिन्यात आली. कढत पाण्यात (उकळत्या नव्हे) अर्धा मिनिट धरून बोटांनी टोक काढलं की सरळ होतो. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा नाही. पण आकडीवाला ब्रश टाकू नका. दाणा पालथा करायला त्याच्यासारखं हत्यार नाही. रूबरच्या पाठीकडे दोन जादा तोंडं असतात, ती बघितल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, आणि सरळ टोकानं दाणा पालथा घालणं म्हणजे घसरगुंडी.

टोपणाबद्दल एवढंच की ते पहिल्याच दिवशी हरवतं. पेनाच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा बसतो.

एकूण पाचपैकी साडेतीन. पूर्ण चार दिले असते, पण पाचातले दोन ब्रश मुळातच फुटक्या टोकाचे निघाले, आणि परत पाठवायला गेले तर पाकीट फोडल्याचं कारण दाखवून विनंती नाकारली. फोडल्याशिवाय टोक कसं बघायचं, ते त्यांनाच ठाऊक. तरी दुसरं पाकीट मागवलंय. किंमत आता ३८० झालीय.

ते दोन फुटके मी जुलैत घरी नेले. चुलतभावाची कुडाळजवळ गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवतात ती जागा. त्यानं ब्लेडनं बाजूचे केस कापून मधले पाच-सहा ठेवले, ओल्या बोटानं टोक काढलं आणि एका मूर्तीच्या भुवईवर चालवून बघितला. "रंग धरणा नाय," म्हणाला. मग डोळ्यांच्या कडेला एक रेघ मारली, मान तिरकी करून बघितलं, दुसऱ्या डोळ्याला मारली. "पण थरथरणा नाय. डोळे आखूक बरो." मी सांगितलं, दोन्ही परत हवेत, मला धूळ झटकायला लागतात. चतुर्थीला गेले तेव्हा मागितले. आमच्या घरच्या गणपतीच्या बुबुळातला पांढरा ठिपका बोटानं दाखवून तो म्हणाला, "ते आता शाळेचे."